संगणकातला पाणीपुरवठा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पाणी आणि वीज एकमेकींपासून लांब ठेवायची, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. ओल्या हातानं बटण दाबू नको, इस्त्रीजवळ पाण्याचा तांब्या ठेवू नको, अशा सूचना ऐकतच आपण मोठे होतो. त्यामुळे घरातला मुलगा किंवा मुलगी एक दिवस सांगते, की मी माझ्या संगणकात पाण्याच्या नळ्या बसवणार आहे, तेव्हा आईवडिलांच्या पोटात गोळा येणं अगदी साहजिक आहे.

त्यातून तो संगणक काही नुसता खेळण्यापुरता नसतो. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आज कितीतरी तरुण घरातल्याच एका कोपऱ्यात बसून चित्रफितींचं संपादन करतात, ॲनिमेशन करतात, वास्तुविशारदांसाठी न बांधलेल्या इमारतींची हुबेहूब चित्रं तयार करतात. लाख-दीड लाखाचं ते यंत्र म्हणजे त्यांचं पोटापाण्याचं साधन असतं. ते रात्र-रात्र पूर्ण ताकदीनं चालतं, त्याचे पंखे घोंघावतात आणि त्याच खोलीत घरातली माणसं झोपलेली असतात. पाण्यानं थंड होणारा संगणक हा अशा घरांत निव्वळ हौसेचा विषय राहत नाही. तो करावा का, आणि करायचा तर त्याची आखणी कशी करावी, हे आज आपण पाहू.

रिक्षा आणि पद्मिनी

आधी उष्णता येते कुठून ते पाहू. संगणक जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेतच बदलते. गॅसवर जसं पाणी तापतं, तसं संगणक कोणतीही वस्तू हलवत नाही की उचलत नाही. तो आकडेमोड करतो, आणि आकडेमोडीला लागलेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते. जोरदार काम करणाऱ्या संगणकात प्रोसेसर दीडशे वॅट आणि ग्राफिक्स कार्ड तीनशे वॅट घेत असेल, तर मिळून झाले साडेचारशे. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत चार-पाच पाहुणे येऊन बसावेत आणि रात्रभर उठूच नयेत, असा हा प्रकार आहे.

आता ही उष्णता चिपच्या नखाएवढ्या जागेतून उचलायची कशी? इथं उपनगरातल्या माणसाच्या ओळखीचं एक उदाहरण देतो. जुन्या टू-स्ट्रोक रिक्षाचं इंजिन हवेवर थंड व्हायचं. इंजिनाभोवती धातूच्या पात्या आणि त्यांच्यावरून वाहणारा वारा, एवढाच कारभार. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन मात्र पाण्यावर थंड होई. पाणी इंजिनाभोवती फिरून तापायचं, पुढच्या रेडिएटरमध्ये येऊन वाऱ्यानं निवायचं आणि पुन्हा इंजिनाकडे जायचं. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभी असलेली पद्मिनी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या व्यवस्थेची ताकद आणि तिची दुखरी जागा, दोन्ही माहीत आहेत.

पाण्याची ताकद आकड्यांत सांगता येते. एक लिटर पाण्याचं तापमान एका अंशानं वाढवायला सुमारे ४,१८६ ज्यूल उष्णता लागते. एक लिटर हवेला त्यासाठी जेमतेम सव्वा ज्यूल पुरते. म्हणजे तेवढ्याच जागेत पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. साडेचारशे वॅटची उष्णता हवेनं उचलायची आणि हवा दहा अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नाही असं ठरवलं, तर दर मिनिटाला सव्वादोन हजार लिटरहून थोडी अधिक हवा लागेल. पाणी मिनिटाला फक्त चार लिटर फिरवलं, तरी ते दीड-पावणेदोन अंशांनीच तापतं. सगळा खटाटोप या एका फरकासाठी आहे.

मोठ्या यंत्रांची वाट

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतला १९८५ सालचा क्रे-२ हा महासंगणक तर वीज न वाहणाऱ्या एका द्रवात अक्षरशः बुडवून ठेवलेला असे. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार केला. पुढे याच घराण्यातला ‘परम ब्रह्म’ २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर या संस्थेत बसवला गेला. त्यात थंड करणारा द्रव थेट चिपवर बसवलेल्या पट्ट्यांतून फिरवला जातो. हवामानाचे अंदाज काढण्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ सुरू झाला. त्या क्रे बनावटीच्या यंत्रातही कपाटांमधून फिरणारी हवा वाटेतल्या पाण्याच्या नळ्यांच्या जाळ्यावरून जाऊन निवत असे.

आणखी एक उदाहरण तर आपल्या पूर्व उपनगरांच्या शेजारचंच आहे. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रातली ‘ध्रुव’ ही शंभर मेगावॅट औष्णिक क्षमतेची संशोधन अणुभट्टी ऑगस्ट १९८५ मध्ये पहिल्यांदा कार्यान्वित झाली. तिच्या गाभ्यातून जड पाणी फिरतं. ते आपली उष्णता दुसऱ्या बंद फेऱ्यातल्या शुद्ध पाण्याला देतं, आणि ते पाणी पुढे समुद्राच्या पाण्याला. समुद्राचं खारं पाणी गाभ्याजवळ कधीच येत नाही. गरम वस्तूला भिडणारं पाणी अत्यंत शुद्ध आणि कायम बंद फेऱ्यात, बाहेरच्या जगाशी त्याची गाठ फक्त धातूच्या भिंतीआडून. टेबलावरच्या संगणकातला लूप, म्हणजे पाण्याचा फेरा, हुबेहूब याच नियमानं चालतो. फरक एवढाच, की इथं समुद्राची जागा खोलीतली हवा घेते.

हा फ्रीज नव्हे

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. पाणी फिरवलं म्हणजे संगणक गारेगार झाला, असं नसतं. रेडिएटरमधलं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. ते नेहमी हवेपेक्षा काही अंश वरच राहणार. चांगल्या आखणीत हा फरक आठ-दहा अंशांचा असतो. म्हणजे मे महिन्यात पंख्याखाली ३३ अंश तापमान असलेल्या खोलीत पाणी ४२-४३ अंशांवर स्थिरावेल आणि प्रोसेसर त्याच्याही वर वीस-तीस अंश. पुण्याच्या डिसेंबरमधल्या २० अंशांच्या खोलीत तीच यंत्रणा पाणी ३० अंशांवर ठेवील. परदेशातल्या थंड गावी कुणी काढलेले आकडे पाहून मुंबईत बसून हळहळण्यात म्हणूनच अर्थ नाही.

मग कुणाला वाटतं, की रेडिएटरऐवजी बर्फाच्या बादलीतून नळी न्यावी, किंवा लहानसा चिलर लावावा. मुंबईत हे करणं धोक्याचं आहे. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून घाम फुटतो, ते आठवा. हवेतल्या बाष्पाचं पाणी ज्या तापमानाला होऊ लागतं, त्याला दवबिंदू म्हणतात. आपल्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे नळीतलं पाणी त्याच्या खाली गेलं, की नळीला आणि ब्लॉकला बाहेरून घाम सुटणार आणि तो थेट मदरबोर्डवर ठिबकणार. एकही सांधा गळत नसताना संगणक भिजेल. नागपूरकडचा डेझर्ट कूलर मुंबईत का चालत नाही आणि पावसाळ्यात आपल्या माठातलं पाणी का गार होत नाही, याचं उत्तरही याच बाष्पात आहे. साध्या रेडिएटरचा मोठा गुण हा, की तो पाणी खोलीच्या तापमानाखाली जाऊच देत नाही. त्यामुळे घाम येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, पाणी उष्णता नाहीशी करत नाही, फक्त हलवतं. चिपवरची उष्णता रेडिएटरपर्यंत आणि तिथून खोलीत. त्यामुळे पाण्याचा संगणक घेतल्यानं खोली थंड राहील, ही आशा ठेवू नये. साडेचारशे वॅट पूर्वीही खोलीत येत होते आणि आताही तेवढेच येतील. खोलीत एक टनाचा एसी असेल तर त्याची उष्णता ओढण्याची क्षमता सुमारे साडेतीन हजार वॅट असते, आणि तिचा आठवा हिस्सा संगणकच खाऊन टाकतो. मिळतं ते एवढंच, की चिप कमी तापते, कामाचा वेग मध्येच उतरत नाही आणि मोठ्या रेडिएटरवरचे पंखे संथ फिरवता आल्यानं आवाज बराच कमी होतो. एका खोलीत संसार असलेल्या घरात हा शेवटचा फायदा सगळ्यांत मोलाचा.

आधी कागद, मग बाजार

आता प्रत्यक्ष आखणी. पुष्कळ जण ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, एक चक्कर मारून आवडतील ते भाग घेऊन येतात आणि मग घरी जोडाजोड करत बसतात. तसं करू नये. काम कागदावर सुरू करावं.

पहिली बेरीज वॅटची. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड पूर्ण भाराखाली किती वीज घेतात, ते त्यांच्या माहितीपत्रकात पाहून लिहून काढावं. आपल्या उदाहरणात साडेचारशे वॅट झाले. रेडिएटरचं माप पंख्यांच्या संख्येवर ठरतं. १२० मिलिमीटरचा एक पंखा बसेल तो १२०चा, दोन बसतील तो २४०चा आणि तीन बसतील तो ३६०चा. ढोबळ हिशेब असा, की पंखे मध्यम वेगानं फिरवले आणि पाणी हवेपेक्षा दहा अंश वर राहिलेलं चालणार असेल, तर १२०च्या दर तुकड्यामागे शंभर वॅटच्या आसपास धरावेत. साडेचारशे वॅटना पाच तुकडे हवेत. म्हणजे एक ३६०चा आणि एक २४०चा रेडिएटर. मुंबईच्या हवेत हा हिशेब काटकसरीनं करू नये. एखादा तुकडा जास्त झाला तर पंखे आणखी संथ चालतील, पैसे वाया गेले असं होणार नाही.

दुसरं माप कॅबिनेटचं. रेडिएटरची जाडी साधारण तीन सेंटिमीटर, त्यावर पंख्याची अडीच, म्हणजे साडेपाच सेंटिमीटर मोकळी जागा वरच्या किंवा पुढच्या बाजूला आहे का? वरच्या बाजूला मदरबोर्डवरची मेमरी आडवी येते का? ग्राफिक्स कार्डाची लांबी पुढच्या रेडिएटरला अडते का? पट्टी घेऊन प्रत्यक्ष मोजावं. बहुतेकांचे पैसे अडकतात ते याच जागी, कारण उघडलेला रेडिएटर दुकानदार सहसा परत घेत नाही.

तिसरी गोष्ट वॉटर ब्लॉकची. चिपवर घट्ट बसणारा, आतून केसासारख्या बारीक चरांचा हा तांब्याचा ठोकळा असतो. प्रोसेसरचा ब्लॉक सॉकेट पाहून घेता येतो. ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक मात्र त्या कार्डाच्या नेमक्या मॉडेलचाच लागतो. चिप तीच असली तरी कंपनीगणिक कार्डावरच्या भागांची मांडणी वेगळी असते. शिवाय तो बसवायचा तर कार्डाचा मूळ पंखा उतरवावा लागतो, आणि त्यानं वॉरंटीवर काय परिणाम होतो ते आधी विचारून घेतलेलं बरं.

गच्चीवरची टाकी आणि पंप

पंप आणि टाकी, ज्याला रेझर्व्हॉयर म्हणतात, समजून घ्यायला आपल्या सोसायटीच्या पाण्याची व्यवस्था आठवावी. खालची टाकी रिकामी असताना कुणी पंप चालू केला, तर काय होतं ते प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीला ठाऊक असतं. कोरडा फिरलेला पंप जळतो. संगणकातल्या लहानशा पंपाचंही तेच. आतून वाहणारं पाणीच त्याला थंड आणि वंगणयुक्त ठेवतं. म्हणून नियम असा, की टाकी पंपाच्या लगेच आधी आणि त्याच्यापेक्षा वर असावी, म्हणजे पंपाच्या तोंडाशी सतत पाणी राहील. टाकी आणि पंप एकत्र जोडलेले संचही मिळतात. नवख्यानं तेच घ्यावेत.

बाकीच्या भागांचा क्रम काय असावा, यावर बरीच चर्चा होते. प्रोसेसरनंतर लगेच रेडिएटर हवा का, ग्राफिक्स कार्ड आधी की नंतर, वगैरे. पण मघाशी आपण पाहिलं, की मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर सगळ्या फेऱ्यात मिळून ते दीड-पावणेदोन अंशच तापतं. मग कोणता भाग आधी आणि कोणता नंतर, यानं अंशभराचाही फरक मुश्किलीनं पडेल. त्यापेक्षा नळ्या सर्वांत लहान आणि सरळ कशा जातील, हे पाहून क्रम ठरवावा. नळीच्या वाटेवर सुतळी धरून लांबी मोजता येते. मऊ नळी कुठं दुमडणार, हेही त्या सुतळीवरून कळतं.

नळ्या दोन प्रकारच्या. मऊ नळी कात्रीनं किंवा कटरनं कापता येते, वाकते आणि चूक सुधारता येते. ॲक्रिलिकच्या किंवा पीईटीजीच्या कडक नळ्या काचेसारख्या देखण्या दिसतात, पण त्या तापवून नेमक्या कोनात वाकवाव्या लागतात. पीईटीजी नळ्यांना साठ अंशांच्या वरचं पाणी मानवत नाही, त्या मऊ पडून सांध्यातून सुटू शकतात. आपल्या हवेत पाणी आधीच चाळिशीच्या पुढे असतं, हे लक्षात ठेवलं तर पहिल्या लूपला मऊ नळीच बरी.

आता सांधे मोजा. प्रोसेसरचा ब्लॉक, ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक, दोन रेडिएटर आणि टाकी-पंपाचा संच, असे पाच भाग. प्रत्येकाला एक येण्याचं आणि एक जाण्याचं तोंड, म्हणजे दहा फिटिंग. प्रत्येक फिटिंग ही गळतीची एक शक्यता असते, म्हणून फिटिंगमध्ये पैसे वाचवू नयेत. आतली रबरी रिंग जागेवर आहे ना, हे डोळ्यांनी पाहावं आणि फिटिंग हातानं घट्ट करावं. पान्यानं आवळलं तर ती रिंग चिरडते आणि जे टाळायचं तेच होतं.

या दहांशिवाय फेऱ्याच्या सर्वांत खालच्या जागी एक नळ जरूर ठेवावा. उपनगरांतली किती तरी तरुण मंडळी अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. घर बदलताना पाणी भरलेला संगणक टेम्पोत घालता येत नाही. तो रिकामा करायची सोय नसेल तर पहिल्या स्थलांतराच्या वेळी सगळं पाणी मदरबोर्डवर.

कोणतं पाणी, कोणते धातू

भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी शुद्ध होऊन आपल्याकडे येतं. प्यायला ते उत्तम, पण लूपसाठी चालणार नाही. त्यात क्षार असतात, क्लोरिन असतं. क्षार ब्लॉकच्या बारीक चरांत साठतात, जसे ते गीझरच्या कॉइलवर साठतात. घरच्या फिल्टरमधलं किंवा बाटलीतलं पाणीही नको, त्यातही थोडे क्षार राहतातच. ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड पाणी घ्यावं आणि त्यात गंज व शेवाळ रोखणारं द्रव्य घालावं, किंवा सरळ तयार कूलंट वापरावं. चाळीस अंशांचं कोमट पाणी आणि पारदर्शक नळीतून येणारा उजेड, शेवाळाला याहून चांगलं घर कोणतं? रंगीबेरंगी, दुधाळ दिसणारे द्रव फोटोत छान दिसतात, पण त्यांतले कण कालांतरानं खाली बसून चर बुजवतात. रोजच्या कामाच्या संगणकात ते टाळावेत.

वीज न वाहणारा द्रव अशी जाहिरात पाहून निर्धास्त होऊ नये. शुद्ध पाणी विजेचं वाईट वाहक आहे हे खरं, पण धातूंमधून काही महिने फिरल्यावर आणि बोर्डावरच्या धुळीत मिसळल्यावर ते तितकं शुद्ध उरत नाही.

धातूंचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले, की त्या दोघांत एक लहानशी विद्युतघटमाला तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं. पितळेच्या भांड्यात कल्हईशिवाय आंबट पदार्थ ठेवायचा नाही, हे ज्या घरात माहीत आहे तिथं हे वेगळं समजवायला नको. कुठला धातू कशाच्या संगतीत बसतो, हे पाहूनच वस्तू घ्यावी. लूपमध्ये तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा यांची सोबत चालते. ॲल्युमिनियमला त्यात प्रवेश नाही. कुर्ल्याच्या भंगारबाजारातून स्वस्तात गाडीचा रेडिएटर आणून जुगाड करण्याचा मोह म्हणूनच आवरावा. हल्लीच्या गाड्यांचे रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. स्वस्त रेडिएटर घेतानाही तो आतून कशाचा आहे, ते विचारून घ्यावं.

पहिलं पाणी

सगळं जोडून झालं, की पाणी भरण्याआधी हवेनं चाचणी घ्यावी. दाबमापक असलेला लहान हातपंप मिळतो. फेऱ्यात अर्ध्या बारच्या आसपास हवा भरायची आणि पाव-अर्धा तास काटा पाहत बसायचं. काटा उतरला तर कुठं तरी सांधा सैल आहे. गळती पाण्यानं कळण्यापेक्षा हवेनं कळलेली शतपटींनी बरी.

मग पाणी. या वेळी वीज फक्त पंपाला मिळाली पाहिजे. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, डिस्क या सगळ्यांची जोडणी काढून ठेवायची आणि पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या कनेक्टरला त्यासाठी मिळणारा जंपर लावायचा. टाकी भरायची, पंप काही सेकंद चालवायचा, पाणी ओढलं गेलं की बंद करायचा, पुन्हा भरायचं. पंपाला कोरडं पडू द्यायचं नाही. सुरुवातीला गुरगुर आवाज येईल. टाकी रिकामी झाल्यानंतर सोसायटीच्या पाइपांत एअर लॉक होतो, तसलाच हा प्रकार. कॅबिनेट हलके हलके या बाजूला, त्या बाजूला कलतं करावं, म्हणजे रेडिएटरच्या कोपऱ्यांत दडलेले बुडबुडे टाकीत येतात. प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवून पंप काही तास, जमल्यास रात्रभर, नुसताच चालू द्यावा. सकाळी एकही कागद ओला नसेल, तरच बाकीची वीज जोडावी.

पंप बंद पडला तर काय, ही भीती रास्त आहे. या लूपमध्ये लिटरभर पाणी असतं. रेडिएटरनं उष्णता टाकणं थांबवलं, तर साडेचारशे वॅट त्या लिटरभर पाण्याला मिनिटाला सहा अंशांहून अधिक वेगानं तापवतील. पाणी फिरायचंच थांबलं, तर ब्लॉकमधलं चमचाभर पाणी त्याहूनही लवकर तापेल. प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आधी वेग कमी करतो आणि शेवटी बंद पडतो, पण त्याच्यावर सगळं सोडू नये. पंपाची वेग सांगणारी तार मदरबोर्डवर प्रोसेसरच्या पंख्यासाठी असलेल्या जागी जोडावी, म्हणजे पंप थांबल्याचा इशारा मिळतो. पाण्याचं तापमान दाखवणारा सेन्सरही स्वस्त आहे. वीज गेली तर मात्र काळजी नको, कारण तेव्हा पंपाबरोबर उष्णता तयार होणंही थांबतं.

वर्षभराची देखभाल

पुनर्विकासाच्या आणि रस्त्यांच्या कामांनी आपल्या उपनगरांत धुळीला तोटा नाही. रेडिएटरच्या बारीक पापुद्र्यांत ही धूळ बसली, की हवा जात नाही आणि पाणी हळूहळू तापू लागतं. हवा आत येते त्या बाजूला जाळी लावावी आणि दर महिन्या-दीड महिन्यानं ती झटकावी. टाकीतली पातळी पाहावी, कारण नळ्यांतून थोडं पाणी कालांतरानं उडतंच. वर्षातून एकदा सगळं पाणी काढून लूप धुवावा आणि नवं पाणी भरावं. पाणी गढूळ किंवा हिरवट दिसलं तर वर्ष संपायची वाट पाहू नये. हे काम दरवर्षी करायची तयारी नसेल, तर लूपच्या वाटेला जाऊ नये.

खर्चाचंही स्पष्ट बोललं पाहिजे. चांगल्या एअर कूलरच्या किमतीत लूपचा एकटा पंपही अनेकदा येत नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही घेणारा संपूर्ण लूप चाळीस-पन्नास हजारांच्या पुढे सहज जातो. पत्रव्यवहार, हिशेब, अभ्यास, चित्रपट पाहणं, एवढ्यासाठी ज्यांचा संगणक आहे, त्यांना याची काडीची गरज नाही. ज्यांचा प्रोसेसरच फक्त तापतो, त्यांना चांगला एअर कूलर किंवा कारखान्यातून पाणी भरून बंद करून आलेला तयार संच पुरतो. ज्यांच्याकडे दोन्ही भाग तासन्‌तास पूर्ण भाराखाली असतात, घरातली झोप मोडते, आणि वर्षातून एक रविवार यंत्राला द्यायची ज्यांची तयारी आहे, त्यांच्यासाठी हा लूप आहे.

आणि ज्या घरी अशी तयारी चालू असेल, तिथल्या वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. पाणी आणि वीज एकत्र म्हटल्यावर नुसतं नको म्हणू नका. मुलाला किंवा मुलीला त्यांचा कागद दाखवायला सांगा. वॅटची बेरीज कुठं आहे, रेडिएटरसाठी कॅबिनेटमध्ये किती सेंटिमीटर जागा मोजली, धातू कोणते, खालचा नळ कुठं ठेवला आणि पहिल्या रात्री वीज कशाकशाची काढणार? या पाच प्रश्नांची उत्तरं कागदावर असतील, तर खुशाल परवानगी द्या. नसतील, तर बाजाराची फेरी पुढच्या रविवारावर ढकला आणि पट्टी-पेन्सिल घेऊन दोघंही एकत्र बसा.